अकरा प्रेस परत आणताना

खामगावात मेकॅनिकी करण्यात माझं आयुष्य गेलं. मिक्सर, पंखा, कूलर, प्रेस, काय वाट्टेल ते उघडतो. मिक्सर उघडला की झुरळं निघतात, आणि तोच मिक्सर द्यायला लोकांच्या घरी गेलं की किस्से निघतात. झुरळं झटकता येतात, किस्से काही जात नाहीत! बायको तर हात जोडते, "आता दुसऱ्या कोणाले सांगा, मले पाठ झाले."

तर हे प्रेसचे, म्हणजे इस्त्रीचे किस्से. बीटी कापूस गावोगाव झाला होता आणि लोडशेडिंग जोरात होतं, तेव्हाचे. आमच्या दुकानातून एका कंपनीच्या अकरा प्रेस विकल्या गेल्या आणि मागून कंपनीचं पत्र आलं. थर्मोस्टॅट चिकटतो, प्रेस आपोआप बंद होत नाही, तापतच राहते, आग लागू शकते. सगळ्या परत आणा, बदल्यात नवीन द्या.

मी शेठला छाती ठोकून सांगितलं, "आठ दिवसांत अकराच्या अकरा आणतो. नाही आणल्या तर नावाचा मेकॅनिक नाही!"

पण खरं सांगू? मनातून भ्यायलो होतो. वेचणीचे दिवस. आमच्याकडं भाव वाढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात. माणसं झोपतात त्याच खोलीत कापूस! तिथं एक प्रेस तापत राहिली तर काय होईल, हे मला कंपनीनं सांगायची गरज नव्हती.

*

पहिलं घर पिंपळगाव राजाचं. आजोबा बाजेवर बसलेले. म्हटलं, जुनी द्या, नवीन फुकट घ्या. आजोबा आत ओरडले, "सूनबाई, प्रेस लपव! कंपनीनं चुकून अस्सल तांबं घातलं असन तिच्यात!"

मी पत्र दाखवलं. आजोबा म्हणाले, "पत्रात ते तांब्याचं लिहतीन काय, लेका?"

शेवटी प्रेस त्यांच्यासमोर उघडली. एकेक पार्ट हातात दिला, सगळा माल हलका आहे हे पटवलं. त्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि म्हणाले, "मंग एवढ्या हलक्या मालाचे तेवढे पैसे काऊन घेतले बे?"

*

त्याच गावातले गुरुजी पुराव्यावर चालणारे. "मी रोज कडक घडी घालून शाळेत जातो. दोष असता तर माझ्या लक्षात आला नसता? काढा तुमचा शर्ट."

काढला. काय करता! बाही झाली, कॉलर झाली, सगळं झकास. मग गुरुजी प्रेस तशीच शर्टावर ठेवून मला थर्मोस्टॅट समजावून सांगायला लागले. मला! समजावून झालं तेव्हा खिशाच्या जागी भोक होतं.

गुरुजींनी भोकातून बोट घालून पाहिलं. "कापड निकृष्ट आहे," म्हणाले.

भर थंडीत खामगावपर्यंत गाडीवर बनियनवर आलो. प्रेस मात्र आणली!

*

वरवट बकालचे रहीमचाचा टेलर. म्हटलं, "चाचा, तुमची प्रेस बंदच होत नाही."

"मालूम है बेटा! तीस साल में पहिल्यांदा कंपनीनं टेलरच्या मनासारखी प्रेस बनवली!"

मी नवीन लावून दाखवली. तापली, आणि टक्कन बंद झाली. चाचांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "बेटा, ये तो बिघडेली है!"

जुनी पिशवीत घातली आणि त्यांचं मन बदलायच्या आत किक मारली.

*

वाटेतल्या एका गावात आगीचं ऐकून एक जण म्हणाला, "पेटाले लाइन तं पाह्यजे! आमच्या गावात राह्यते कुठं?"

मी म्हटलं, "भाऊ, तेच तर वाईट! प्रेस करता करता लाइन जाते, बटन चालूच राहतं, तुम्ही निघता वावरात. मागून लाइन येते, तेव्हा घरी कोण असतं?"

त्याला पटलं. बायकोला म्हणाला, "ऐकलं ना? घरी कोनी तरी पाह्यजे."

"हाव," ती म्हणाली, "उद्यापासून मी घरी, तुमी जा वेचाले!"

प्रेस त्यानं पळत आणून दिली.

*

राहिली अकरावी. वच्छलाबाईंची. नवरा नाही, चार एकर वावर, दहावीतली एक मुलगी. दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्या वेचणीवर. तिसऱ्यांदा गेलो तरी दाराला कुलूप.

शेजारीण म्हणाली, "लाइन गेली तशी पोरगी शाळेत गेली. माय वावरात हाये."

खिडकीतून पाहिलं. खोलीभर कापूस. कापसाला टेकून बाज, बाजेवर पोरीचा दुसरा युनिफॉर्म, युनिफॉर्मवर प्रेस. पिन बोर्डात, बटन चालू!

"लाइन कधी येते?"

"बाराले."

बाराला पाच कमी होते. मीटर बाहेर ओट्यावर होतं, नशीब! फ्यूज ओढला, खिशात टाकला आणि तिथंच खाली बसलो. थोड्या वेळानं शेजारणीचा टीव्ही आपोआप बोलायला लागला.

कोणीतरी निरोप दिला असावा. वच्छलाबाई तणतणत आल्या, "आमची लाइन काऊन तोडली रे?"

मी नुसती खिडकी दाखवली. त्यांनी आत पाहिलं. कुलूप उघडलं.

"चार एकराचं एवढंच हाये, भाऊ," त्या म्हणाल्या. "यंदा बोंडं भरलीच नाई."

प्रेस त्यांनीच काढून दिली. मी नवीन दिली, फ्यूज बसवला, यादीवर सही घेतली. अकरा पूर्ण! गाडीला किक मारणार, तर म्हणाल्या, "थांब."

आत जाऊन फळीवरची एक पिशवी आणली आणि माझ्या हँडलला अडकवली. आत बीटी बियाण्याची रिकामी पाकिटं होती, नीट घडी घालून, पावतीसकट.

"हे बी ने परत."

"बाई, हे माझ्या कंपनीचं नाही. मी प्रेसवाला."

"हाव, मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "पन परत न्याले दारात आलेला तूच पयला."