करंगळीची परीक्षा

आमची ताई एकसष्टाव्या वर्षी गिटार शिकायला लागली, तेव्हा घरातला विरोधी पक्ष मी होतो. कारण साधं होतं. तिच्या आणि माझ्या खोलीच्या मध्ये एक पातळ भिंत आहे आणि मला दोन कान आहेत.

गिटार माझ्या मुलीची. तिनं कॉलेजात असताना हट्टानं घ्यायला लावली, दोन महिने वाजवली आणि नोकरीला दुसऱ्या शहरात जाताना कपाटावर टाकून गेली. ताईनं एक दिवस ती खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि मला विचारलं, "यात बोटांचं काम आहे ना?"

"आहे, पण हे टायपिंग नव्हे."

"बोटं ती बोटंच," ती म्हणाली आणि विषय संपला. ताईचे विषय असेच संपतात.

बत्तीस वर्षं तिनं टायपिंगचा वर्ग चालवला. दोन खोल्या, चौदा मशिनं, गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारा टकटकाट. सगळे तिला टायपिंगबाई म्हणत. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर "स्पीड जुळला नाही" म्हणायची. मुलांनी अक्षरांकडे बघू नये म्हणून त्यांच्या हातांवर कापड टाकायची आणि करंगळी चुकवून शेजारच्या बोटानं काम भागवणाऱ्याला सगळं पान पुन्हा करायला लावायची. मग कॉम्प्युटर आले आणि वर्ग ओस पडला. भंगारवाला मशिनं टेम्पोत भरत होता, तेव्हा ताई दारात उभी राहून त्याला सांगत होती, "आडवी टाकू नकोस, सरळ ठेव." त्यानंतरची तीन वर्षं ती घरात नुसती बसून होती. तिच्या हातांना काही काम नव्हतं आणि ते बघणं मला जड जात होतं. हे मी तिला कधी बोललो नाही, भांडलो मात्र भरपूर.

गिटारचा वर्ग दोन चौक पलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या वर. शिकवणारे सर माझ्या मुलीच्या वयाचे. दाढी नीट राखलेली, बोलणं गोड. ताईला बघून ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली आणि म्हणाले, "काकू, तुम्ही रविवारच्या हौशी गटात या. चार कॉर्ड शिकायच्या, आवडती गाणी म्हणायची, मजा करायची."

"आणि परीक्षा?"

"हौशी गटाला परीक्षा नसते."

"मग येतंय की नाही, हे कळायचं कसं?"

सर हसले. "या वयात कशाला ती कटकट, काकू?"

ताई घरी आली ती धुमसतच. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे. "मजा करा म्हणतो मला! मी काय सहलीला गेले होते?" दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी सरांनी हात टेकले. नियमित वर्गातल्या मुलांना वर्षअखेरीस वेगाची चाचणी असते, ती द्या म्हणाले. मिनिटाला एकशे वीस ठोके, दर ठोक्याला दोन सूर, तीन वेळा संधी, आणि त्यातल्या एका वेळी एकही चूक नको. तोवर वर्गात बसा. जमलं तर पुढच्या वर्षाला, नाही जमलं तर बघू. ते "बघू" कुठल्या सुरात म्हटलं ते मला न ऐकताही कळलं.

चाचणीतला व्यायाम मला आता पाठ आहे. माझा इलाज नव्हता. सर्वांत जाड तारेवर शेजारशेजारच्या चार घरांत चार बोटं एकामागून एक ठेवायची: तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. मग खालची तार, मग त्याखालची. सहा तारा झाल्या की त्याच वाटेनं उलट. उजव्या हातातलं पिक, म्हणजे तार छेडायची चपटी पट्टी, तारेवर एकदा खाली, एकदा वर, कधीही सलग दोनदा खाली नाही. बोटं कोळ्यासारखी चालतात म्हणून मुलं याला "कोळी" म्हणत. आमच्या भिंतीपलीकडे हा कोळी सकाळी सातला बाहेर पडायचा तो नऊ वाजता आत जायचा.

ताईनं मोबाईलवर ठोके देणारा मेट्रोनोम लावून घेतला आणि पन्नासपासून सुरुवात केली. वहीत तीन रकाने: तारीख, ठोके, चुका. सलग तीन दिवस चूक नाही झाली, तर चार ठोके वाढवायचे. एका दिवसात दोन चुका झाल्या, तर आठ कमी. मी म्हटलं, "अगं, हा कसला न्याय? वाढवताना चार आणि उतरवताना आठ?"

"घाईनं शिकलेली चूक बोटातून निघत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे अशी किती बोटं येऊन गेलीत."

गंमत अशी, की न निघणारी चूक तिच्याच बोटात होती. एक सोडून दोन. टायपिंगच्या जुन्या मशीनवर बोट उंच उचलून मारावं लागतं. गिटारवर उंच उचललेलं बोट उशिरा पोचतं. आणि मशीनवर ओळ संपली की डाव्या हातानं दांडा सरकवून कागद परत आणावा लागतो. ताई एका तारेवरचे चार सूर संपले की डावा हात सोडून हवेत एक झटका द्यायची. तिला त्याचा पत्ताच नव्हता. वर्गातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, तेव्हा सरांनी विचारलं, "काकू, हे काय करता?"

घरी येऊन ती बराच वेळ स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसली. मला वाटलं, आता सोडणार. तिनं पायजम्याची नाडी आणून माझ्या हातात दिली.

"बांध."

"काय?"

"मनगट. गिटारच्या मानेला. सैल बांध, पण उडता कामा नये."

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता मी माझ्या थोरल्या बहिणीचा हात गिटारला बांधत होतो. कुणी खिडकीतून बघितलं असतं, तर पोलीस आले असते. अडीच महिन्यांनी नाडी सुटली आणि झटका गेला. बोटंही तारेजवळ राहायला लागली. ठोके शहाऐंशीवर आले, मग नव्वदवर, मग परत ब्याऐंशीवर. त्या दिवशी माझ्याशी कुणी बोललं नाही.

चाचणीला तीन आठवडे राहिले, तेव्हा ती एकशे सहावर होती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात गरम पाण्यात करंगळी बुडवून उभी दिसली. सांधा सुजला होता. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, पाणी बघतेय." मग मी एक उद्योग केला. गुपचूप सरांकडे गेलो आणि म्हटलं, "जरा सांभाळून घ्या. तिनं फार मनाला लावून घेतलंय."

"काका, काळजीच करू नका," सर म्हणाले. मला हलकं वाटलं. मी मूर्ख आहे.

चाचणी शनिवारी दुपारी होती. बाकावर पंधरा-सोळा वर्षांची सहा मुलं आणि टोकाला ताई, इस्त्रीची साडी, नखं कापलेली. ज्याचं झालं त्याच्या हातात सर एक छापील निकालपत्रक भरून देत होते. ताईचं नाव आलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

एकशे वीसला मेट्रोनोम सुरू झाला. पहिल्या वेळी उलट येताना दोन सूर घसरले. दुसऱ्या वेळी एक. तिनं हात झटकला, पाण्याचा घोट घेतला आणि तिसऱ्यांदा सुरू केलं. जाताना सगळं स्वच्छ. परत येताना तिसऱ्या तारेवर करंगळी किंचित अलीकडे पडली आणि एक सूर मुका गेला. ती थांबली नाही, शेवटपर्यंत आली.

सरांनी टाळ्या वाजवल्या. "वा काकू, वा! या वयात कमाल आहे!"

"करंगळी चुकली," ताई म्हणाली. "तिसऱ्या तारेवर."

"मला नाही ऐकू आली." सरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "आपण असं करू. निकाल वगैरे काही लिहायला नको. रविवारी हौशी गटात तुमचा छानसा सत्कार करू, आणि तुम्ही तिथंच..."

"मला ऐकू आली," ताई म्हणाली. "लिहा."

"काय लिहू?"

"नापास."

"काकू, मी कशाला तुम्हाला नापास करू?"

"बत्तीस वर्षांत मी चारशेच्या वर मुलं नापास केली, सर. त्यांतली बहुतेक परत आली आणि पास झाली. एकाचाही सत्कार करून मी त्याला घरी बसवलं नाही." तिचा आवाज चढला होता. मी तिला कधी बाहेरच्या माणसासमोर इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "नापास होणाऱ्याला फेरपरीक्षा असते. हौशी माणसाला काय असतं? मी मजा करायला आलेले नाही. मला या मुलांसारखं नापास करा."

सरांचं हसू मावळलं. मग त्यांनी पेन काढलं, पत्रकावर तिचं पूर्ण नाव लिहिलं, एका छापील ओळीवर काट मारली, दुसरीखाली सही केली. पत्रक देताना ते उठून उभे राहिले. या खेपेला ते वयाला मान देणं नव्हतं, हे मलाही कळलं.

जिना उतरताना तिनं विचारलं, "तू भेटला होतास ना त्याला?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायची हिंमत नव्हती.

"माझ्याकडेही यायचे असे भाऊ. सांभाळून घ्या म्हणायला."

"मग?"

"पाणीसुद्धा विचारलं नाही मी त्यांना."

रस्त्यावर आल्यावर ती थांबली, चष्मा लावला आणि पत्रक उघडलं. "अनुत्तीर्ण. फेरपरीक्षेस पात्र," तिनं वाचलं. मग फक्त शेवटचा शब्द परत एकदा वाचला, जरा मोठ्यानं, शेजारून जाणाऱ्या माणसानं वळून बघितलं इतक्या मोठ्यानं.