पायाला बांधलेली बाजरी

लग्न होऊन मी कोपरगावच्या उसाच्या मुलखातून कर्जत तालुक्याच्या कोरड्या रानात आले, ती सातवी पास असल्याचा तोरा घेऊनच. घरात शहाणी मी एकटीच, असं माझं ठाम मत होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, हे मत हसून सोडून देत.

घरात एक म्हैस होती, बहात्तरच्या दुष्काळातून तगलेली. गुरांच्या छावणीत आत्याबाई स्वतः तिच्यापाशी राहिल्या होत्या, त्यामुळे ती पान्हा सोडायची फक्त त्यांच्या हाताला. मी कासेला हात लावला की लाथ ठरलेली. आणि नेमके आत्याबाईंचेच गुडघे कुरकुरायला लागले. धारेला बसणं जमायचं, पण उठताना मी दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय उठवेना. मामंजींनी दिवाळीनंतर सरळ सांगून टाकलं, "माघापातुर बघतो. न्हाईतर म्हस बाजारात न्हेतो." त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत.

मी त्यांना एसटीनं नगरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून, दाबून पाहिला. म्हणाले, हाडं अजून फारशी झिजलेली नाहीत, पण मांडीत जोर उरलेला नाही, म्हणून सगळा भार गुडघ्यावर येतोय. उकिडवं बसू नका, ठेंगण्या स्टुलावर बसून धार काढा. बाजेवर बसून एकेक पाय सावकाश सरळ करायचा, पाच आकडे म्हणेपर्यंत तसाच धरायचा, मग खाली घ्यायचा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आठवड्यानं घोट्याला अर्ध्या किलोची पिशवी बांधायची. दुखलं तर थांबायचं.

"सुई न्हाई, गोळी न्हाई," परतताना आत्याबाई अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "मला काय तालमीत घालतोय व्हय त्यो?"

पण म्हशीपायी त्यांनी सुरुवात केली. दार लोटून, पदर सावरून. आकडे मी मोजायची. सातव्याला त्या "झालं धा" म्हणत आणि मी "अजून तीन" म्हणे. असा आठवडा गेला.

मग मी जुन्या लुगड्याची छान पिशवी शिवली, कणगीतली बाजरी भरली, वजन करून आणलं आणि मोठ्या कौतुकानं त्यांच्या घोट्याला बांधली.

"काय घातलंस गं ह्यात?"

"बाजरी."

आत्याबाईंनी वाकून गाठ सोडली, पिशवी कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. "दुष्काळात सालभर रेशनचा मिलो आन् सरकारी सुकडी खाऊन जगलो आमी. आत्ता कुटं घरात पयली बाजरी आली, आन् तू ती पायाला बांधतीस?"

अन्नाला पाय लागू नये हे मला काय ठाऊक नव्हतं? पण माझं सगळं ध्यान वजनात. मला इतकी लाज वाटली की सातवीचं सर्टिफिकेट चुलीत घालावंसं वाटलं. तीन दिवस त्यांनी पाय उचललाच नाही, आणि माघ तर जवळ येत चाललेला. चौथ्या दिवशी मी ओढ्यावरून वाळू आणली, धुऊन वाळवली आणि नव्या पिशवीत भरली. ती घेऊन त्यांच्यापुढे बसले. त्यांनी आपणहून पाय पुढे केला.

पुढे मला मोजावंही लागेना. दहाचे बारा व्हायला लागले, तेही माझ्याकडे न बघता.

माघात मामंजी खरंच व्यापारी घेऊन आले. आधी धार बघू, असं तो म्हणाला. आत्याबाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि शांतपणे बादली भरली. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी त्या हातात बादली दिली. मग मांड्यांवर तळवे टेकवून जरा पुढं झुकल्या आणि उठल्या. सावकाश, पण एकट्या.

"म्हस इकायची न्हाई," त्या मामंजींना म्हणाल्या.

मामंजींनी एकदा त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मला पाव्हण्यासाठी चहा टाकायला सांगितलं. मला एवढा आनंद झाला होता, की त्या चहात मी पाण्याचा थेंबही घातला नाही.