चंडोलाचं पहिलं साल

जुन्या जालन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा तो माणूस चंडोल पाळायचा. पिल्लाच्या पिंजऱ्यावर कायम काळं फडकं असायचं. शेजारच्या पिंजऱ्यात त्याचा जुना, पट्टीचा चंडोल, इतर पाखरांचे आवाज हुबेहूब काढणारा. पिल्लानं ऐकायचं ते फक्त त्याचं. आम्ही टीव्ही जरा मोठा केला की हा दारात हजर.

"भाऊ, आवाज कमी करा, पाखरू शिकून राह्यलं. पहिल्या साली त्याच्या डोक्यात जे शिरलं, ते मरेपर्यंत निघत न्हाई."

हेसुद्धा कानाशी लागून, कुजबुजत. बायकोशी तर तो खुणांनीच बोलायचा. पिंजऱ्यात दाणापाणी मात्र तीच घालायची.

हिवाळ्यात तिला खोकला लागला. भिंतीपलीकडून आम्हाला तो सारखा ऐकू यायचा. एका सकाळी हा तिला माहेरी, परतूरला सोडून आला. मी विचारलं, औषधपाण्यासाठी का?

"न्हाई हो. पिल्लू खोकला उचलंल, गाण्याला डाग लागंल, मंग त्याला कोण विचारतं?"

ती परत आलीच नाही. उन्हाळ्यात तिकडेच वारली.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तर यानं आधी फडकं वर केलं. पिल्लू आता मोठं झालं होतं. टिटवी, घार, बुलबुल, सगळ्यांचे आवाज त्यानं एका दमात काढले. हा डोळे मिटून डोलत होता.

"बघा भाऊ, बिलकुल साफ. एक डाग न्हाई."

खरंच नव्हता. जिनं त्याला रोज पाणी पाजलं, तिचं त्या गाण्यात काहीच नव्हतं.