नवाचा ताळा जुळला होता

"बेरीज कर," साहेब म्हणाले.

टेबलावर दोन कागद होते. एक दुसऱ्या कॅम्पच्या हॉस्पिटलचं पत्र. त्यात ४८२७१६३. दुसरी माझ्या हातची नक्कल. तिच्यात ४८७२१६३.

फाळणीनंतरची ती वर्षं. मी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पच्या ऑफिसात क्लार्क होतो. पत्रातला माणूस बेशुद्ध होता. नाव कळेना. खिशातल्या चिठ्ठीवर फक्त रजिस्ट्रेशन नंबर होता. नातेवाईक असतील तर पाठवा, असं लिहिलं होतं. मी नंबर उतरवून घेतला, हरवलेल्यांच्या रजिस्टरात शोधला आणि 'कोणी नाही' असं कळवून टाकलं.

उतरवल्यावर ताळा मात्र घेतला होता. बदलापूरच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय. अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचं. इकडे एकतीस, म्हणजे चार. तिकडेही चार. मी निर्धास्त झालो.

देवीबाई रोज सकाळी खिडकीशी यायच्या. नोंदणी होऊन कॅम्पकडे येताना वाटेत नवरा हरवला होता. त्याचा नंबर त्यांच्या कार्डावर लिहिलेला होता. वाचता येत नव्हतं, पण ते सात आकडे त्यांना चेहऱ्यासारखे ओळखू यायचे. आठ दिवसांनी मी वारस न सापडलेल्या नंबरांची यादी बोर्डावर लावली. त्यांनी कार्ड यादीशेजारी धरलं आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"बाबू, सब निशान वही हैं. बस ये दो आगे-पीछे हैं."

"अम्मा, मैंने जाँच लिया है," मी चिडूनच म्हणालो. मग पत्र काढून पाहिलं. सत्तावीसच्या जागी मी बहात्तर उतरवले होते.

तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माणूस चार दिवसांपूर्वी गेला होता. कोणी आलं नाही म्हणून बेवारस म्हणून अग्नी दिला.

"दोन्हींची बेरीज एकतीस," मी साहेबांना म्हणालो.

"आता वजाबाकी कर."

"पंचेचाळीस हजार."

"नवाने भाग?"

"पूर्ण जातो."

तो नेहमीच जातो. कुठल्याही दोन अंकांची अदलाबदल केली की फरक नवाच्या पटीतच येतो. म्हणून नवाच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही. शेजारचे अंक उलटले असतील तर अकराच्या ताळ्याला दिसते. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. त्या माणसाच्या नंबराला अकराने पूर्ण भाग जात होता. माझ्या नंबरात बाकी दहा उरत होती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

साहेबांनी मेमो दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. देवीबाईंना मीच सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "उनकी चिट्ठी में नंबर सही था?"

"हाँ, अम्मा."

त्यांनी कार्ड पदरात बांधलं. दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीशी आल्या नाहीत.

पुढे रिटायर होईपर्यंत मी दोन्ही ताळे घेत राहिलो. पण त्याआधी एकेक अंक मूळ कागदाशी लावून पाहायचो, निरक्षर माणूस पाहतो तसा.