वरचा मजला : राहण्यासाठी

कोणसाहेब बांधकामावर आले की आधी चपला काढत, भर खडीत. मग नकाशा न उलगडताच मालकाला विचारत, "हितं कोण राहनार? मानूस, माल का गर्दी?" आमच्या नगरपालिकेच्या ओव्हरसियरचं खरं नाव गावात कुणाच्या तोंडी नव्हतं. या प्रश्नावरूनच ते कोणसाहेब झाले होते.

मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होतो, नकाशे काढून देणारा, बाविशीतला. नियमांचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसलो की ते मिटून ठेवत. "पाठ करू नको. मानूस झोपतो, त्याला वारा पायजे. माल नुसता बसून ऱ्हातो, त्याला जाड तुळया पायजेत. गर्दी घाबरती, तिला दोन दारं दे. परवानगी म्हंजे दुसरं काय असतं?"

एकानं स्टँडजवळ हॉटेल काढायचं ठरवलं आणि अर्ज दिला गोठ्याचा. साहेब जागेवर गेले, भट्टीसाठी खणलेला खड्डा पाहिला आणि म्हणाले, "पाटील, गुरं च्या पितात व्हय तुमची?" गवंडीसुद्धा थापी टाकून हसला. पाटलांनी निमूट नवा अर्ज लिहिला.

बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या थोडं आधी माझ्या मामांनी घरावर माडी चढवायला काढली. मामांचं रेशनचं दुकान. माडी हवी होती पोत्यांसाठी. मी मामीच्या हातची भाकरी खात असताना ते म्हणाले, "आरं, गोदाम म्हनलं की तुझा सायेब लोखंडी तुळया मागंल. घर म्हनून लिव्ह." मी नकाशा काढला आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'वरचा मजला : राहण्यासाठी.'

साहेब पाहणीला आले. प्रश्न ठरलेलाच. मामा म्हणाले, "थोरल्याचं लगीन हाय, रावसाहेब. पोरगा अन् सून." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे, खरं?"

"हो साहेब."

त्यांनी सही केली.

दुष्काळात मिलो आला, ती लाल परदेशी ज्वारी. पोती माडीवर गेली, थरावर थर. मी खाली जेवत होतो, वरून तुळईचा भुगा ताटात पडत होता. मी ताट सरकवून घेतलं. एवढंच केलं.

एका दुपारी कचेरीत कुणीतरी धापा टाकत आलं. मी पळत गेलो. सागवानी तुळई मधोमध मोडून माडी खाली बसली होती. पोती उपसायला आम्ही बाराजण होतो. मामी सापडली तेव्हा तिच्या हातात सूप तसंच होतं, घट्ट धरलेलं. ते मला तिच्या बोटांतून सोडवता येईना. कुणीतरी माझ्या खांद्याला धरून मागं ओढलं. नंतर बराच वेळ मला कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, नुसती तोंडं हलताना दिसत होती.

चौकशीला नगरहून अधिकारी आले. मामा रडत म्हणाले, "रावसायबांनी पास केलं हुतं. आमाला काय कळतंय?" मग अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "वर माल ठेवणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

साहेब शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी मान वळवली नाही. "सही माझी हाय," एवढंच म्हणाले. त्यांची नोकरी गेली.

ते आपल्या गावी, खर्ड्याला निघाले तेव्हा ट्रंक उचलायला मी स्टँडवर गेलो होतो. गाडीला वेळ होता. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुझ्या नकाशात जिना भाईरून हुता. साडेचार फुटी. सुनंला येवढा जिना कशाला लागंल? पाठीवर पोतं घेतलेल्याला लागतो. मला तवाच दिसलं हुतं."

मी विचारलं, "मग सही का केलीत?"

"तू हो म्हनलास ना."

गाडी लागली. ट्रंक टपावर मी चढवली. त्यांनी खिडकीतून हातसुद्धा केला.

पुढं साहेबांच्या खुर्चीवर मीच बसलो. साहेब खर्ड्यालाच वारले; मी गेलो नाही. मामाही गेले. दर वर्षी मामीच्या श्राद्धाला माझा थोरला मामेभाऊ पंगतीत बसल्या बसल्या म्हणतो, "त्या ओव्हरसियरनं खाल्ली माझी आई." लोक माना हलवतात. वीस वर्षं मी त्याच्या शेजारच्या पानावर बसून जेवतो आहे.

श्राद्ध परवा आहे. पानं मांडायच्या आधी हे लिहिलेले कागद त्याच्या हातात देणार आहे.