फळ्यावरचा 'सॅटिस्फाइड'

नोकरी गेलेल्या माणसाकडे दोनच गोष्टी साचतात, रिजेक्शनचे मेल आणि किस्से. मेल मी डिलीट करतो. किस्से तुम्ही घ्या!

माझ्या एकोणपन्नासाव्या वर्षी कंपनी बंद पडली. इंटरव्ह्यूत इंग्लिश अडायचं, म्हणून डोंबिवलीत जोगळेकर सरांच्या क्लासला जाऊ लागलो. सर फळ्यावर एक शब्द लिहितात. त्यावर प्रत्येकाने स्वतःबद्दल वाक्य करायचं. अट एकच, वाक्य खरं हवं. तसं मिळेपर्यंत शब्द पुसायचा नाही.

एका सोमवारी 'सॅटिस्फाइड' आला. सर म्हणाले, "मूळ लॅटिन. सॅटिस म्हणजे पुरेसं, फॅसेरे म्हणजे करणं. पुरेसं झालं की माणूस समाधानी. सोप्पा शब्द आहे!"

*

शहाडची शैलजा नर्स आहे. "आय अ‍ॅम सॅटिस्फाइड विथ माय ड्युटी," एवढं म्हणाली आणि तिलाच हसू आवरेना. सलग दोन शिफ्ट करून आलेली बिचारी.

"नेक्स्ट!" सर म्हणाले.

*

कुलकर्णी काका-काकू क्लासला जोडीने येतात. काका उठले, "आय अ‍ॅम सॅटिस्फाइड विथ माय न्यू फ्लॅट."

मागून काकू म्हणाल्या, "कुठला हो? तिथे अजून खड्डाच आहे!"

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला देऊन सहा वर्षं झाली. दोघं अजून भाड्याच्या घरात आहेत.

*

गुरुवारी शैलजा म्हणाली, "सर, तुम्हीच करा ना एक."

सरांनी घड्याळ बघितलं. "आजची वेळ संपली."

अजून वीस मिनिटं बाकी होती! तरी आम्ही वह्या उचलल्या.

*

शुक्रवारी माजिवड्याला माझा अकरावा इंटरव्ह्यू होता. शर्टला इस्त्री करताना बायको दरवेळी "होईल रे" म्हणते. या वेळी म्हणाली नाही.

माझ्या मुलाच्या वयाच्या साहेबाने सात मिनिटांत वाटेला लावलं. बसने टेंभी नाक्याला पोचतो न पोचतो तोच मेल आला, सॉरी! पाठोपाठ दुसरा. 'आमच्या इंटरव्ह्यूने तुम्ही किती सॅटिस्फाइड आहात? पाचपैकी स्टार द्या.'

खरं सांगतो, रडू आलं. तिथेच उभा राहून पाच दिले. न जाणो, पुन्हा बोलावतील.

संध्याकाळी क्लासात म्हणालो, "आय अ‍ॅम फुल्ली सॅटिस्फाइड विथ माय इंटरव्ह्यू."

"मिळाली नोकरी?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"मग वाक्य खरंय?"

"लिहून दिलंय सर. पाच स्टार."

सरांनी डस्टर उचललं आणि शब्द पुसून टाकला.