बोथट वस्तरा

वडनेरच्या तानबा न्हाव्याने पन्नास वर्षे गावाच्या दाढ्या केल्या. आधी वस्तऱ्याने, मग अर्ध्या ब्लेडने. आता मुलगा हेमराज मशीन फिरवतो आणि म्हातारा शेजारी बसून त्याच्या कामाला नावे ठेवतो. हात अजून स्थिर, जीभ त्याहून चालू. पण परवा रत्नदीप दुकानात येऊन म्हणाला, "काका, बाबाचं सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. हात उचलत नाई त्याइचा. घरी येऊन दाढी करून देता का?" तेव्हा तानबा हेमराजला नावे ठेवायचे सोडून आपली जुनी पेटी शोधू लागला.

रत्नदीपचा बाप म्हणजे रामाजी. तरुणपणी तो बौद्धवाड्यातून दर आठवड्याला दाढीसाठी तानबाकडे यायचा. तोंडावर नाही म्हणायला तानबाला कायद्याची भीती, आणि हो म्हणावे तर गावातली मोठी गिऱ्हाइके तुटतील ही धास्ती. मग त्याने सोयीची थाप शोधली. "वस्तरा बोथट झाला रे, धार लावाची आहे." त्याच वस्तऱ्याने समोर पाटलाची दाढी चालू असायची आणि हा पठ्ठ्या खुशाल असे सांगायचा!

महिनाभर हे ऐकून रामाजीने वर्ध्याहून धार लावायचा नवा निसणा आणून दिला. "घे, लाव धार." तानबाने निसणा ठेवून घेतला, पुढे वीस वर्षे त्यावर वस्तरे घासले. रामाजीची दाढी मात्र केली नाही. रामाजी आरशात बघून स्वतःची करायला शिकला आणि पुन्हा कधी आला नाही.

आज त्याच्याच अंगणात, त्याच्या गालाला फेस लावताना तानबाचे कान लाजेने तापले होते. नजरेला नजर देववत नव्हती. एक गाल झाला आणि त्याला राहवेना.

"रामाजीभाऊ, तवा वस्तरा बोथट नव्हता."

"मले मालूम होतं."

"मंग निसणा काऊन आणला?"

"म्हटलं, तुले लाज वाटन." रामाजीने डोळे उघडले. "वाटली का?"

तानबाला हो म्हणता आले असते. इतक्या वर्षांनी कोण पडताळून बघणार होते? पण हा माणूस त्याच्या ब्लेडसमोर गळा उघडा टाकून बसला होता, आणि त्याच्याशी पुन्हा खोटे बोलायची तानबाला शरम वाटली.

"नाई वाटली," तो म्हणाला. "निसणा फुकटात भेटला म्हणून खुश झालतो."